नादाराच्या वकिलाचा खर्च

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

दिवाणी कोर्टाचा एखादा हुकूमनामा आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेला असतो. आजोबांच्या बांधाचा, चुलत्यांच्या सामाईक भिंतीचा, नाहीतर न हटणाऱ्या भाडेकरूचा. तो उघडला की आपण 'दावा मंजूर' किंवा 'दावा नामंजूर' एवढेच शोधतो आणि कागद पुन्हा घडीत जातो. पण हुकूमनाम्याच्या शेवटी एक तक्ता असतो. एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी. खाली ओळी: दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दाखल कागदांचा स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणीचा खर्च. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हा नमुना घालून दिला. हरलेल्याने जिंकलेल्याला किती भरून द्यायचे, त्याचा हा हिशेब.

मी वकील नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या तक्त्यातल्या एका ओळीने मला बरेच दिवस छळले आहे. ज्या गरिबाला वकील सरकारने दिला, त्याच्या 'वकिलाची फी' या ओळीपुढे काय लिहायचे? त्याने तर पैसाही दिलेला नाही. मग शून्य लिहायचे का? शून्य लिहिले तर फायदा गरिबाचा होत नाही, हरलेल्या प्रतिपक्षाचा होतो. समोर पैसेवाला वादी असता तर त्याला खर्च भरावा लागला असता. समोर गरीब होता म्हणून तो स्वस्तात सुटला. आणि आकडा लिहिला, तर तो पैसा कुणाचा? गरिबाचा, वकिलाचा की सरकारचा? न्यायालये आणि कायदेमंडळे या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाशी पाचशे वर्षे झुंजत आहेत. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी एका शब्दाबद्दल. जुनी मंडळी 'नादारीत दावा लावला' असे म्हणत. शाळेत फी माफ व्हायची तिलाही आपण नादारीच म्हणत असू. शब्द फारसी आहे. 'दार' म्हणजे बाळगणारा: जमीनदार, ठाणेदार, हवालदार. 'नादार' म्हणजे ज्याच्याकडे बाळगण्यासारखे काही नाही तो. आपल्या कोर्टाची भाषाच अशी आहे. दावा, वकील, फिर्याद, मुद्देमाल, तारीख हे सारे शब्द फारसी-अरबी मुलखातून आले आणि मराठीत असे मुरले की आता त्यांना कुणी पाहुणे म्हणत नाही.

मराठी राज्यात न्यायाचा खर्च कसा निघे? निवाडा झाला की जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी आणि हरणारा 'गुन्हेगारी' भरी. हरकी म्हणजे जिंकल्याच्या आनंदाचा नजराणा, गुन्हेगारी म्हणजे खोटा ठरल्याचा दंड. दोन्ही रकमा जायच्या सरकारात. मला या पद्धतीत एक गोष्ट आवडते: पैसे निकालानंतर मागितले जात. इंग्रजांची रीत उलटी. आधी स्टॅम्प, मग सुनावणी. बंगालमध्ये १७९५ साली कोर्ट फी बसवताना कारण दिले गेले की त्यामुळे खोटे दावे कमी होतील. पुढे मेकॉलेने या युक्तिवादाची मनसोक्त टर उडवली. फी लावल्याने खोटारडा घाबरत नाही, गरीब घाबरतो, हे त्याला दिसत होते. मेकॉलेबद्दल आपले मत काहीही असो, इथे तो बरोबर होता.

पण गरिबाला स्टॅम्पाशिवाय आत घेण्याची वाटही इंग्रजांनी बरोबर आणली होती, आणि तिचे मूळ त्यांच्याकडच्या एका फार जुन्या कायद्यात आहे. १४९५ साली, सातव्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडमध्ये ठरले की गरिबाला कोर्टाचे हुकूम फीशिवाय मिळावेत आणि न्यायाधीशाने त्याला वकील नेमून द्यावा. त्या वकिलाने पैसे न घेता काम करायचे. पुढे अशी अट रूढ झाली की अर्जदाराने शपथेवर सांगावे: अंगावरचे कपडे सोडून माझी सारी मालमत्ता पाच पौंडांचीही नाही.

असा गरीब हरला तर? त्याच्याकडून खर्च तर वसूल होणार नाही. म्हणून आठव्या हेन्रीच्या काळात, १५३१ साली, तोड निघाली. हरलेल्या गरिबाने खर्च देऊ नये, मात्र न्यायाधीशाला योग्य वाटेल ती दुसरी शिक्षा भोगावी. ऑक्सफर्डचा प्राध्यापक ब्लॅकस्टोन याने १७६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात लिहून ठेवले आहे की पूर्वी अशा माणसाला निवड करायला सांगत: खर्च भर, नाहीतर फटके खा. ही चाल आता बंद पडली आहे, असेही तो तिथेच सांगतो.

फटक्यांची ही हकीकत सगळे सांगतात. त्याच्या लगेच पुढचे ब्लॅकस्टोनचे वाक्य मात्र फारसे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथे सुटलेला आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा: गरीब स्वतः खर्च देत नसला तरी जिंकल्यावर त्याला प्रतिपक्षाकडून खर्च घेता येतो, कारण वकिलांनी आणि कारकुनांनी आपली मेहनत त्याला फुकट द्यायची आहे, त्याच्या शत्रूला नव्हे.

इतके स्वच्छ कळल्यावर गाडी पुढे जायला हवी होती. ती मागे गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज न्यायाधीशांनी दुसरेच तत्त्व उचलून धरले. खर्च ही भरपाई आहे, बक्षीस नव्हे; जे खिशातून गेले नाही ते भरून कसे द्यायचे? हे ऐकायला बिनतोड वाटते. १८८५ साली तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले की जिंकलेल्या नादार वादीला फक्त प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च मिळेल, वकिलाची फी नाही. गरिबावर केलेला धर्म अशा रीतीने श्रीमंत प्रतिवादीच्या ओटीत पडला.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण त्यातली खर्चाची बाजू कुणी सांगत नाही. १९२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी मे डोनोह्यू नावाची बाई एका कॅफेत जिंजर बिअर प्यायली. अर्धी बाटली संपल्यावर उरलेले ओतताना तिच्या तक्रारीप्रमाणे कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाटली घेतली होती मैत्रिणीने, त्यामुळे बाईचा दुकानदाराशी करारच नव्हता. तिने दावा लावला तो पेय बनवणाऱ्या स्टीव्हन्सनवर. प्रकरण लंडनला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. तिथे अपील करायला खर्चाची हमी लागते. ती कुठून आणणार? तिने शपथपत्र केले की साऱ्या जगात माझी मालमत्ता पाच पौंडांची नाही. बाईला नादार म्हणून परवानगी मिळाली, वकिलांनी फी न घेता काम केले आणि २६ मे १९३२ रोजी ती जिंकली. उत्पादकाची ग्राहकाबद्दल जबाबदारी असते, हे तत्त्व त्या दिवशी प्रस्थापित झाले. आज आपण बिस्किटाच्या पुड्यात आळी निघाली म्हणून ग्राहक मंचात जातो, त्याची वंशावळ त्या बाटलीपर्यंत जाते. त्या निकालाच्या हुकूमात अगदी शेवटी खर्चाचे कलम आहे. खालच्या कोर्टातला खर्च प्रतिवादीने द्यावा, लॉर्ड्सपुढील अपिलाचाही द्यावा. मात्र हा दुसरा खर्च नादार अपीलकर्त्यांसाठी जी नेहमीची रीत आहे, तिच्याप्रमाणे मोजावा. साऱ्या जगाचा कायदा बदलणारी बाई तक्त्यात मात्र शेवटपर्यंत नादारच राहिली.

आता आपल्याकडे येऊ. नादारीच्या दाव्याची तरतूद आपल्या १८५९ च्या पहिल्या दिवाणी संहितेतही होती. पुढे १९०८ च्या संहितेत ती ऑर्डर ३३ म्हणून आली. मूळ शब्द होता 'पॉपर', म्हणून कोर्टात 'पॉपर सूट' किंवा 'पॉपर दावा' म्हणत. पात्रता काय? दाव्याची कोर्ट फी भरण्याइतकी ऐपत नसणे. आणि जिथे फी ठरलेली नाही तिथे अंगावरचे जरुरीचे कपडे आणि दाव्यातली मिळकत सोडून शंभर रुपयांची मालमत्ता नसणे. लंडनचे कपडे इथेही आले. १९७६ च्या दुरुस्तीने 'पॉपर' शब्द गेला, त्याजागी 'निर्धन व्यक्ती' या अर्थाचा शब्द आला आणि शंभराचे हजार झाले.

नादारीचा अर्ज आला की कोर्ट चौकशी करते. प्रतिपक्षाला नोटीस जाते आणि सरकारी वकिलालाही. का? कारण सरकारची फी बुडते आहे. म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यात विधवा बाईसमोर दीर तर उभा असतोच, शिवाय सरकारही उभे राहते आणि दोघे मिळून विचारतात, तुझ्या कानातले ते काय आहे?

आणि लोक समजतात तशी ही फी माफ होत नाही. ती उधार असते. वादी जिंकला तर कोर्ट हिशेब करते की नादारी नसती तर किती फी लागली असती. ती रक्कम, ज्या पक्षाला देण्याचा हुकूम होईल त्याच्याकडून राज्य सरकार वसूल करते. एवढ्यावर थांबले असते तर तक्रार नव्हती. पण त्या रकमेचा दाव्यातल्या मिळकतीवर पहिला बोजा असतो. सातबाऱ्यावर बोजा चढला म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. दावा हरला तर फी नादार वादीकडूनच मागितली जाते. हुकूमनाम्याची नक्कल कलेक्टरकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते.

ऑर्डर ३३ वाचताना माझ्या लक्षात आले ते हे की सरकारची फी कशी परत यावी, याचा विचार तिथे अतिशय बारकाईने केलेला आहे. गरिबाला वकील कसा मिळावा, याबद्दल मात्र १९७६ पर्यंत एक शब्द नव्हता. १४९५ च्या इंग्रजी कायद्यात वकील होता. आपल्याकडे आणताना स्टॅम्पाची उधारी आली आणि वकील तिकडेच राहिला.

या ऑर्डर ३३ ची एक गंमत सांगायला हवी. २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की एखादी कंपनी निर्धन असू शकते का? न्यायालयाने सांगितले, असू शकते. 'व्यक्ती' या शब्दात कायद्याने निर्माण केलेली व्यक्तीही येते. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण अंगावरच्या कपड्यांचा हिशेब करणाऱ्या नियमात बांधकाम कंपनी उभी राहिलेली पाहून कवीला हसू येते, त्याला इलाज नाही.

मुंबईत १९२४ साली 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' स्थापन झाली. गरिबांना वकील देण्याचे काम देशात संघटितपणे सुरू झाले ते तिथून. पण ती स्वयंसेवी धडपड होती. तिजोरीतून वकील देण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची. इंग्लंडमध्ये रशक्लिफ समितीने १९४५ साली अहवाल दिला आणि १९४९ साली तिथे कायदा झाला. त्याच १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने तालुक्यापासून उच्च न्यायालयापर्यंत मदतीची योजना आखली. ती कागदावर राहिली; कारण नेहमीचेच, पैसा नाही. वीस-बावीस वर्षांनी गुजरातमध्ये याच विषयावरच्या समितीचे अध्यक्ष झाले न्यायमूर्ती प्रफुल्लचंद्र भगवती, म्हणजे त्यांचे चिरंजीव. सरकारला फायली पुढे सरकवायला एक पिढी लागते, याचे इतके चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही.

पैसा नाही या उत्तरातच आपला प्रश्न लपलेला आहे. वकिलावर खर्च झालेला पैसा हरणाऱ्याकडून परत आला, तर पुढच्या गरिबासाठी तो वापरता येईल. इंग्लंडच्या १९४९ च्या कायद्याने नेमके हेच धरले. एका पक्षाला सरकारी मदत आहे, यामुळे दुसऱ्या पक्षाच्या जबाबदारीत फरक पडणार नाही, असे त्याने सांगितले. हरलेल्याने पूर्ण खर्च द्यायचा आणि तो जायचा कायदेशीर मदतीच्या निधीत. १८८५ चा निकाल तिथे निकामी झाला. ब्लॅकस्टोनचे म्हणणे खरे व्हायला पावणेदोनशेच्या वर वर्षे गेली.

पण एक दार नीट लावले की दुसरे किरकिरते. सरकारी वकील मिळालेला पक्ष हरला तर जिंकणाऱ्याचे काय? तो काही सावकारच असेल असे नाही. मध्यमवर्गीय शिक्षक किंवा दुकानदार असेल, जो मदतीच्या मर्यादेच्या थोडाच वर आहे. मदत घेणाऱ्याने हरल्यावर आपल्या ऐपतीला झेपेल तेवढाच खर्च द्यायचा होता. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच नाही. खोट्या दाव्यात ओढला गेलेला माणूस निर्दोष ठरायचा आणि कंगाल व्हायचा. म्हणून १९६४ साली दुसरा कायदा झाला आणि अशा जिंकणाऱ्याला त्याच निधीतून खर्च मिळण्याची सोय झाली. अट अशी की नाहीतर त्याच्यावर गंभीर आर्थिक संकट येईल. या शब्दांचा अर्थ सुरुवातीला इतका कडक लावला गेला की कुणालाच पैसे मिळेनात. १९६९-७० च्या सुमारास लॉर्ड डेनिंग यांनी तो सैल केला.

तिसरे दार सर्वांत जड होते. हरणाऱ्याकडून पूर्ण वसुली झाली नाही तर उरलेली रक्कम सरकार कुणाकडून घेणार? उत्तर होते: जिंकलेल्याने जे जिंकले त्यातून. आपल्या ऑर्डर ३३ सारखाच बोजा. १९८० साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेला हॅनलन खटला यावरचा. नवरा पोलीस, बायको परिचारिका. घटस्फोट झाला, राहत्या घरावरून भांडण झाले. बाई सरकारी मदतीने लढली आणि घर तिच्या नावावर झाले, मुली तिच्याजवळ होत्या. कर्ज वजा जाता घराची किंमत सुमारे दहा हजार पौंड, आणि तिच्या बाजूचा वकिलीचा खर्च आठ हजारांच्या वर गेलेला! नवऱ्याकडून मिळण्यासारखे काही नव्हते. लॉर्ड्सनी ठरवले की वाद साऱ्या घराबद्दल होता, म्हणून बोजा साऱ्या घरावर बसतो. दिलासा एवढाच की बोजा ताबडतोब वसूल करायचा की थांबायचे, बाईने दुसरे घर घेतले तर तो तिकडे वळवायचा का, हे ठरवायची मोकळीक मदत देणाऱ्या संस्थेला आहे. पोटगीच्या रकमेला मात्र हा बोजा लागू नव्हता. इंग्रजांना एवढी जाण होती की पोटात जाणाऱ्या घासावर बोजा टाकता येत नाही.

भारतात १९७६ हे वर्ष महत्त्वाचे. दिवाणी संहितेत दुरुस्ती होऊन निर्धन वादीला कोर्टाने वकील नेमून देण्याची सोय झाली ती तेव्हा. त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले: पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी. ते वर्ष आणीबाणीचे होते. स्थानबद्ध माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये सांगितले आणि वर्षअखेरीस गरिबाला मोफत वकील देण्याचे वचन घटनेत लिहिले गेले. इतिहास कधी कधी एकाच पानावर अशा दोन नोंदी करतो.

पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक आणि ठरावीक उत्पन्नाखालचे सारे यांना मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट नाही. राज्याच्या विधी सहाय्य निधीत कुठले पैसे जमा व्हावेत, याची यादी कलम १६ मध्ये आहे. तिच्यात कोर्टाच्या आदेशाने मिळालेल्या रकमाही आहेत. म्हणजे दार उघडे ठेवलेले आहे. अनेक राज्यांच्या नियमांत लाभार्थ्याकडून लेखी कबुलीही घेतात, की कोर्टाने माझ्या बाजूने खर्च किंवा पैशाचा दुसरा लाभ दिला तर प्राधिकरणाचा खर्च मी त्यातून परत करीन. खर्चाचे ठीक. पण 'पैशाचा दुसरा लाभ' हे शब्द वाचले की मला ते इंग्लंडमधले घर आठवते.

प्रत्यक्षात मात्र वसुलीची वेळ क्वचितच येते, कारण खर्चाचा हुकूमच होत नाही. 'खर्च ज्याचा त्याने सोसावा' हे वाक्य आपल्या निकालपत्रांच्या शेवटी शिक्क्यासारखे उमटते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात या सवयीवर बोट ठेवले आणि प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च देवविला पाहिजे, असे बजावले. खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल संहितेच्या कलम ३५-अ खाली जी भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा आहे तीन हजार रुपये. ही रक्कम कालबाह्य झाली आहे, असे न्यायालयाने २०१० साली म्हटले. २०१२ साली विधी आयोगाचा २४० वा अहवाल या खर्चाच्याच विषयावर आला.

न्यायाधीशांच्या मनात असले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण जगजाहीर आहे, पण त्यातला हा तपशील वादाच्या धुरळ्यात हरवला. शाहबानो प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. बाईला मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. तो स्वतः वकील. १९८५ साली त्याचे अपील फेटाळताना न्यायालयाने शेवटी एक ओळ लिहिली: अपीलकर्त्याने बाईला दहा हजार रुपये खर्च द्यावा. १७९ रुपये २० पैशांच्या हिशेबाने ही साडेचार वर्षांहून अधिक काळाची पोटगी झाली! त्या निकालावर देशभर जो गदारोळ झाला, त्यात ही ओळ कुणी वाचल्याचे मला आठवत नाही. तिथे सरकारी वकील नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण लढायला लावल्याची किंमत हरणाऱ्याने मोजायची, हे त्या ओळीत आहे.

आमच्या गल्लीत एक चाची राहतात. कपडे शिवून घर चालवतात. त्यांचा पोटगीचा अर्ज चालू असताना मी दोन-तीनदा सोबतीला गेलो होतो. वकील मोफत मिळाला होता आणि तो मन लावून काम करणारा होता, हे आधी सांगतो. २००१ च्या दुरुस्तीने पोटगीच्या अर्जात अंतरिम पोटगीबरोबर प्रकरणाच्या खर्चासाठीही रक्कम मागता येते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. चाचींनी खर्च मागितला. समोरचे वकील उठून म्हणाले, "साहेब, यांना वकील सरकारने दिला आहे. यांना खर्च कसला?" कोर्टाने अंतरिम पोटगी दिली, खर्चाबद्दल काही लिहिले नाही. बाहेर आल्यावर चाचींनी पिशवीतून एसटीची तिकिटे काढून मला दाखवली. रबर बँड लावून ठेवली होती. "भाईजान, ही पण सरकारने दिली का?" त्या दिवशी शिलाईचे काम बुडाले ते वेगळेच. नवऱ्याच्या बाजूने तारखा मागून घेतल्या जात होत्या आणि प्रत्येक तारखेला चाचींचा एक दिवस जात होता.

समोरच्या वकिलांचा प्रश्न १८८५ सालचा होता आणि त्याचे उत्तर १७६८ साली देऊन झाले होते. वकील चाचींना दिला होता, नवऱ्याला नव्हे. माझ्या अल्पमतीने हिशेब दोन खात्यांत मांडायला हवा. वकिलाची फी हरणाऱ्याने द्यावी आणि ती विधी सेवेच्या निधीत जावी. तिच्यावर चाचींचा हक्क नाही आणि त्यांना ती नकोही आहे. भाडे, झेरॉक्स, नकलेची फी, बुडालेला रोज हे मात्र चाचींचे. त्यातून कुणी वाटा मागू नये आणि पोटगीला तर हात लावूच नये. कोर्ट फीच्या बाबतीत आपल्या राज्याने हा समंजसपणा दाखवलेला आहे. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली.

यासाठी नवा कायदाच हवा असेही नाही. १९७६ सालीच संहितेत ऑर्डर २०-अ नावाचे एक छोटे कलम घातले गेले. ते खर्चाच्या त्या तक्त्यात आणखी काही गोष्टी धरायची मुभा देते: दाव्यापूर्वीच्या नोटिशीचा खर्च, टायपिंग, दप्तर तपासणीची फी, समन्स न काढता आणलेल्या साक्षीदारांचा खर्च, अपिलासाठी निकालाच्या नकला. दिवाणी दाव्यात सरकारी मदत घेणाऱ्यांनी पावत्या आणि तिकिटे जपून ठेवावीत आणि निकालाच्या आधी आपल्या वकिलामार्फत त्यांची यादी कोर्टापुढे ठेवावी. पोटगीच्या अर्जात खर्चाची मागणी वेगळी, आकड्यासह करावी. आणि वकील फुकट आहे असे कुणी म्हणाले, तर तो कुणासाठी फुकट आहे, हे आपल्या वकिलाला विचारायला सांगावे.